भोला माशांचा आवाज

खिदिरपूर, कलकत्ता
१२ जुलै १९७३

ती. आईस गजाननचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. मनोहरदादाची लाँच बेपत्ता झाली तिथे, नदीच्या मुखाशी, आम्ही रोज पाण्यात मायक्रोफोन सोडतो. भोला मासे बेडकांसारखे ओरडतात. तळ गाळाचा असला की तो आवाज जिरतो, खडक किंवा लोखंड असलं की परत येतो.

काल एका जागी तो खणखणीत परत आला. मी शोधपथकाच्या साहेबांना म्हटलं, खडक असेल. इथे सगळा गाळच, खडक कुठून येणार? त्यांना ठाऊक आहे, मलाही.

वहिनी जेवते ना? मामा काहीही म्हणोत, तिला मंगळसूत्र काढू देऊ नकोस. नकाशावर मी खूण केल्याशिवाय पाणबुडे उतरणार नाहीत, आणि पेन्सिल माझ्याच हातात आहे.

तुझ्या पाया पडतो,
गजानन