शून्य अंशाला आरामात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण सध्या गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार समज. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी औषधं वेळेवर घेतात ना? इकडे आम्ही ठीक. (ह्यांना विचारशील तर मी ठीक नाही. ते सांगायलाच लिहिते आहे.)

आपल्या ट्रेकला डोंगरात ज्याचं ओझं त्यानेच वाहायचं, असं तू फोनवर दरडावलंस, तेव्हापासून मला हलक्या स्लीपिंग बॅगेचा ध्यास लागला. दुकानात दोन होत्या. एक जाडजूड, ओली झाली तरी ऊब देणारी, पण पाठीवर घेतली की माणूस गादीवाला दिसावा अशी. दुसरी पिसांची. गुंडाळली तर दुधाच्या पातेल्यात मावेल. ‘शून्य अंशाला आरामात,’ दुकानदार म्हणाला. ‘आराम कुणाला? विकणाऱ्याला?’ असं हे पुटपुटले. मी पिसांची घेतली. घरी येईपर्यंत ह्यांचा एकच प्रश्न, तिथे काकडलीस तर? मला उत्तर देता येईना, आणि तुला माहीत आहे, ह्यांच्यापुढे निरुत्तर होणं मला किती झोंबतं.

म्हणून मी कामावर नेऊन पाहायचं ठरवलं. (आमच्या शीतगृहात सफरचंदांची खोली शून्याच्या आसपासच असते. अशी सोय सोडते कोण?) जेवणाच्या सुट्टीत दार उघडं ठेवून आत शिरले, खोक्यांच्या मधे एका लाकडी फळीवर बॅग पसरली, हात आत घेतले, चेन गळ्यापर्यंत ओढली, बॅगेच्याच टोपीची दोरी आवळली. काय सांगू ऊब! डोळे मिटले न मिटले तोच धाडकन दार लागलं आणि दिवा गेला. आमच्या फोर्कलिफ्टवाल्याला उघडं दार दिसलं की राहवत नाही; मीच त्याला त्यावरून दहादा रागावले आहे.

हाक मारली. वरच्या पंख्यांच्या घरघरीत माझी मलाच ऐकू येईना. चेन खाली ओढली, तर तिने आतलं तलम कापड पकडलं. जोर केला, आणखी पकडलं. हात आत, फोन टेबलावर, आणि मी तिथे आहे हे जगात कुणालाही ठाऊक नाही. ताई, बाहेर शून्य अंश आणि मला घाम फुटला होता. (बॅग उत्तम आहे, यात वाद नाही.) छातीत असं धडधडत होतं, की खोकी हलताहेत असं वाटलं. दाराला आतून ढकलायची मूठ असते, अंधारात हिरवी चमकणारी. तेवढीच दिसत होती. फळीवरून गडगडले ते गुडघ्यावर पडले. अळीसारखी सरकत गेले, पाठ खोक्यांना टेकवून कशीबशी उभी राहिले. पहिली उडी भिंतीवर. दुसऱ्या उडीला ती मूठ कपाळाने ढकलली. हलली नाही. मग मात्र रडू आलं, खोटं कशाला सांगू. पुसायला हात नव्हता. त्याच रागात सगळं अंग झोकून दिलं, आणि दारासकट बाहेर पडले ती थेट मालकांच्या बुटांवर. शेजारी तपासणीला आलेल्या अधिकारी बाई.

बाईंनी खाली वाकून विचारलं, ‘आतली मूठ काम करते का, हे पाहत होता?’

‘हो,’ मी टोपीतून म्हणाले. ‘जरा कडक आहे.’

मालकांनी मला नंतर जे सुनावलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. इलेक्ट्रिशियनने पक्कड लावून चेन सोडवली, त्यात कापड फाटलं, त्यामुळे दुकानदार परत घेणार नाही, आता हीच बॅग घेऊन येणार. चालेल का, कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. ह्यांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. कितीतरी वेळ माझ्या कपाळाचं टेंगूळ बघत बसले. दुसऱ्या दिवशी न सांगता जाऊन ती जाडजूड बॅग घेऊन आले. म्हणाले, ‘शेजारी हात बाहेर असलेलं कुणीतरी हवं.’

ता. क. २ : तर खरं काम असं, की तू ह्यांना फोन कर आणि चला म्हणून आग्रह कर. दोनदा नाही म्हणतील, कामं सांगतील. फोन ठेवू नकोस. कालपासून नवे बूट घालून जिना चढउतर करताहेत.