यशवंतराव येईपर्यंत मुदत संपते

पिंपळे गुरव,
४ मार्च २०२४

चि. अजिंक्य यास सोपानरावांचे आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू कंपनीत मशिनच्या लाइनवर असतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या आत्याने जीव नकोसा केला आहे. काचबिंदूने डावा डोळा गेलाच, उजवाही चालला. दिसतंय तोवर एकदा भावाला हलताना-चालताना बघायचं, एवढंच तिचं म्हणणं. तुझे वडील यशवंतराव त्या सिनेमात बैलगाडी हाकतात, तेवढंच त्यांचं चालतं चित्र उरलं आहे.

पूर्वी त्याची कॅसेट मी लायब्ररीतून भाड्याने आणायचो. पुढे सीडी विकत घेतली, तर ती लावायचं यंत्रच भंगारात गेलं. तेव्हापासून विकत घेणं बंद! आता टीव्हीवर भाड्याने घेतो, तर म्हणे एकदा लावला की अठ्ठेचाळीस तासांत संपवा. हिच्या डोळ्यांना अर्ध्या तासात पाणी येतं. मुदत कधी संपेल नेम नाही, म्हणून प्रत्येक बैठकीनंतर मी सिनेमा शिस्तीत सुरुवातीला आणून ठेवतो. उगाच दंड नको. तीनदा भाडं भरलं, नायिकेचं लग्न अकरा वेळा लागलं, पण यशवंतराव काही येत नाहीत. काय करू ते कळव. म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझा,
सोपानराव

तळेगाव दाभाडे,
९ मार्च २०२४

ती. आतोबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून पूनम इतकी हसली की भाजी करपली. आतोबा, गुंडाळून परत द्यायला ती काय कॅसेट आहे? दंड घ्यायला टीव्ही घरी येणार आहे का? नुसता बंद करा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. दादांची बैलगाडी साधारण सव्वा तासाने येते. रविवारीही ओव्हरटाइम आहे, नाहीतर मीच आलो असतो. आणि सारखं भाडं कशाला? विकत घेऊन देतो, मुदतीची कटकट नको. आत्याला सांभाळा. येत नाही म्हणून माझ्यावर राग नसावा.

आपला,
अजिंक्य

पिंपळे गुरव,
१६ मार्च २०२४

चि. अजिंक्य यास आशीर्वाद. वि. वि.

आले एकदाचे यशवंतराव. चार सेकंद. ही टीव्हीला नाक लावून बसली होती. कॅसेटवर सगळं धुरकट दिसायचं, या टीव्हीवर बटणं मोजता येतात. मोजली आणि माझं डोकंच फिरलं. अंगात माझा लग्नातला कोट! बैलगाडी हाकायला कोट! तो कधी पाहिलाच नाही, अशी शपथ तुझे वडील जन्मभर घेत होते, आणि मी बिचाऱ्या इस्त्रीवाल्याशी बोलणं टाकलं होतं.

हिला सांगितलं, तर हसत सुटली. पुन्हा लावायला लावलं, पुन्हा हसली. मग डोळे पुसून मला बजावलं की हा सिनेमा मुळीच विकत घेऊ नका, नाहीतर रोज माझ्या भावाला चोर म्हणाल.

तू विकतच घेऊन दे. उद्या हिला दिसेनासं झालं तरी ऐकू येईल. मी रोज म्हणणार आहे.

पूनमला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझा,
सोपानराव