चालत आलेली नवरी

धामणगाव बढेच्या माह्या पहेलवान मामाजीले नमस्कार,

माह्या लग्नात बाया ओरडून राह्यल्या होत्या, "मामा, नवरीले उचला!" तुमचा डेंग्यूचा ताप उतरला होता, चेहराही तजेलदार दिसत होता. पण बुलढाण्याच्या डॉक्टरनं ईसीजी पाहून बजावलं होतं, हृदयाले सूज हाये, वजन उचलू नका. अन् "जमत नाही" हे तर तुमच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही भटजीचा माईक घेतला. "ताप गेला, पण काळीज अजून कच्चं हाये. भाचीले उचलणं आज माह्याच्यानं होत नाही. हात धरून आणतो."

कोणीतरी हसलं. तुम्ही तिकडं पाह्यलंही नाही. दम लागला तिथं थांबले, माह्याशी बोलले, मंग चालले. अंतरपाट धरणारे ताटकळले, तरी घाई केली नाही.

आखाड्यात तुम्हाले म्या कधी पाह्यलं नाही, मामाजी. त्या दिवशी मांडवात पाह्यलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही वाचून रडसान, अन् डॉक्टरनं छातीवर ताण नको म्हटलं हाये. उद्या फोनवर नुसतं विचारीन, "गोळ्या घेतल्या का?"

तुमच्या हाताले धरून आलेली,
पुष्पांजली