एकच रिंग वाजली

१९ ऑक्टोबर, बुधवार दुपार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. 'इकडे आम्ही सगळे मजेत, तुम्हीही असाल' असं लिहायला हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. बाबा बरे आहेत. तुझ्या भावजींचा खोकला गेला. तू बरी नाहीस, हे मला ठाऊक आहे. जावईबापूंना नमस्कार सांगू नकोस. हे पत्र त्यांच्या दृष्टीला पडता कामा नये. म्हणून ते कारखान्यात तुझ्या सुपरवायझरबाईंच्या हाती देते आहे. त्या म्हणाल्या, "मी वाचणार नाही, पण तिने वाचल्याशिवाय तिला कामाला लागू देणार नाही." वाच आणि लगेच फाडून टाक.

परवा कारखान्याच्या फाटकाशी तू माझ्याकडे पाठ फिरवलीस. गळ्यात अडकवलेला तुझा हात आणि ती पाठ, दोन्ही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. जाताना तू एवढंच म्हणालीस, "दोन दिल्या होत्या, ताई. मी दाराकडे बघत होते." मला काही कळेना. घरी येऊन कळलं. नीट सांगते. सुरुवात फोनपासून करावी लागेल.

आमच्या गल्लीतल्या जुन्या तारा कंपनीने बंद केल्या. घरचा फोन आता इंटरनेटवरून चालतो. नंबर तोच, कोनाड्यातला फोनही तोच. फक्त त्याची वायर भिंतीतून काढून एका पांढऱ्या डबीत खुपसली आहे. फोनवाला डबी बसवत होता तेव्हा बाबा खुर्ची ओढून समोरच बसले.

"वीज गेली तर?"

"तर फोनही जाणार, आजोबा."

"मग याला फोन कशाला म्हणता? पंखा म्हणा."

आम्ही हसलो. तुला कळवायचं माझ्या मनातही आलं नाही. नंबर तोच, फोन तोच, मग कळवायचं काय?

गेल्या गुरुवारी संध्याकाळी रिंग वाजली. एकच. मी कान देऊन होते, बाबाही होते. "चला, आज ठीक," असं म्हणून मी भाजी चिरायला घेतली. ठकू, मी भाजी चिरत होते.

सोमवारी तुमच्या शेजारच्या शिक्षिका बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "बहिणीचा हात कसा आहे आता? न्हाणीघरात पडली म्हणे." मी पिशवी तशीच त्यांच्या हातात देऊन तुझ्या फाटकाकडे धावले. पुढचं तुला माहीत आहे.

तिथून आले आणि भावजींना फोनजवळ बसवलं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले आणि तिथून घरी फोन लावला. माझ्या कानात दोन रिंगा वाजल्या, मी ठेवला. पुन्हा लावला, एक वाजली, ठेवला. दुकानदार म्हणाला, "काकू, लागत नाहीये का?" मी म्हटलं, "लागतोय, म्हणून तर ठेवतेय." तो माझ्याकडे असा बघायला लागला की डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली. घरी आले. भावजी म्हणाले, "पहिल्यांदा एक वाजली. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा तू लावलास कधी?"

कळलं का तुला? तुझ्या कानातली रिंग आणि माझ्या घरातली रिंग आता एक नाही. तू लावतेस, तुझ्या कानात वाजायला लागतं, पण तो आवाज आमच्या डबीपर्यंत पोचून फोन वाजायला वेळ जातो. तुझ्या दोन म्हणजे माझी एक. 'ताई, ये' असं तू म्हणालीस आणि मला ऐकू आलं 'आज ठीक'. तू दाराकडे बघत राहिलीस. ज्या संध्याकाळी काहीच वाजलं नाही आणि तुला जमलं नसेल असं मी धरून चालले, त्या संध्याकाळी तू काय सांगत होतीस, कोण जाणे.

डबीला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. ही रिंगांची युक्ती तुझी. न उचललेला फोन बिलात येत नाही, आणि बिल आलं की जावईबापू एकेका नंबरवर बोट ठेवून विचारतात, म्हणून केलेली. दोन वाजल्या की मी डब्यात काहीबाही भरून 'सहज आले होते' म्हणत तुमच्याकडे यायची आणि ते झोपेपर्यंत सोफ्यावर बसून राहायची. माझ्यासमोर ते गोड बोलत. "ताई, तुम्हाला आमच्या घराचा वास येतो की काय?" असं एकदा हसत विचारलं होतं, आठवतं? तुझ्या हातातला चहा सांडला होता. मी का आले, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही पावसापाण्याचं बोलत होतो.

आपण दोघींनी मिळून एक भाषा केली, ठकू, आणि तिच्यात शब्द ठेवले दोनच: 'ठीक' आणि 'ये'. 'मारलं' हा शब्द ठेवलाच नाही. तो ठेवला असता तर तो बोलावा लागला असता, आणि बोलल्यावर सोफ्यावर बसून भागलं नसतं. कामगारांच्या सभेत मी गळा ताणून सांगते, अन्यायाला नाव द्या, नाव दिल्याशिवाय तो जागचा हलत नाही. आज घरात बसून पहिल्यांदा देते. तो तुला मारतो. त्याने तुझा हात मोडला. आणि यापुढे मी त्याला 'ते' लिहिणार नाही. तीन वर्षं लिहिलं, पुष्कळ झालं.

आता खरी भीती सांगते, जिच्यासाठी हे पत्र आज, आत्ता लिहायला घेतलं.

काल मी त्या फोनवाल्याला पुन्हा बोलावलं. म्हटलं, रिंग मागेपुढे होते, दुरुस्त करा. तो म्हणाला, "हे असंच असतं, काकू. पण फायदा बघा ना." आणि त्याने मोबाईलवर आमच्या घरच्या फोनची सगळी यादीच उघडून दाखवली. आलेले फोन, लावलेले फोन, न उचललेलेसुद्धा. तारीख, वेळ, नंबर, सगळं. "आता काही लपत नाही," असं कौतुकाने म्हणाला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हे अजून कुठे कुठे बसवणार? त्याने तुमच्या कॉलनीचं नाव घेतलं. शुक्रवारी सकाळी. तुमच्या घरून अर्जही गेला आहे. तुझ्या नवऱ्यानेच केला असणार, तुला सांगितलंय का?

शुक्रवारनंतर तू एकदा जरी इथे रिंग दिलीस, तरी ती त्याच्या मोबाईलवर दिसेल. रोज संध्याकाळी, तो हात धुवायला गेला की, बहिणीचा नंबर. त्याला समजायला किती वेळ लागेल? तेव्हा आजपासून रिंग देऊ नकोस. एकही नाही. आणि रिंग नाही म्हणजे तुझ्यामाझ्यात काहीच नाही, हेही मला कळतं. म्हणूनच सांगते आहे: तिथून निघ.

तू म्हणशील, बाबांना सोसणार नाही. काल मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा उठले आणि स्वतःच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा करायला लागले. त्यांचे स्वेटर, जुने चष्मे, सगळं पलंगावर. "तिचे कपडे इथे राहतील," म्हणाले. भावजींनी दाराला दुसरी कडी लावली आहे. तुला वाटतील तेवढी कारणं तुझ्यापाशी असतील, आणि ती सगळी मला तोंडपाठ आहेत. एकही लिहून पाठवू नकोस.

मी भ्यायले आहे, ठकू. तू आलीस तर तो आमच्या दारात येऊन तमाशा करेल, याची भीती वाटते. तू आली नाहीस तर काय होईल, याची त्याहून जास्त वाटते. पहिल्या भीतीला दार आहे, कडी आहे, आम्ही तिघं आहोत. दुसरीला काहीही नाही. काल रात्रभर मी या दोन भीती तोलल्या आणि मला दुसरी उचलवेना.

उद्या, गुरुवारी, कारखाना सुटला की नेहमीसारखी सगळ्यांच्या घोळक्यातून बाहेर ये. घरून काही आणू नकोस, एक रुमालही नको. कपडे माझे होतील तुला, जरा ढगळ. कुणाला सांगू नकोस. बाईंना मी सांगितलं आहे. फाटकाबाहेर आलीस की रोज उजवीकडे वळतेस. उद्या डावीकडे वळ. पन्नासेक पावलांवर भावजी गाडीत असतील, आणि गाडीच्या अलीकडे, तुला दिसेल अशी,

डाव्या हाताला उभी असलेली
तुझी ताई