दिवे लुकलुकले आणि तुम्ही पळालात

लौटोका, फिजी, रविवार

तीर्थस्वरूप मेरेसेइनी आत्यास, तुझ्या बहिऱ्या भाचीचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? माझी तब्येत कशी आहे हे तू लोकांना माझ्यापेक्षा चांगलं सांगतेस, त्यामुळे ते लिहीत नाही.

काल आमच्या कर्णबधिर संघाच्या सभेतून तू हिरवळीवर धावलीस आणि तिथूनच नाडी गावाची बस धरलीस, म्हणून आत काय झालं ते कळवते. आमचे अध्यक्ष तेविता मास्तर (कान शाबूत, चौदा वर्षं आमच्या वतीने बोलून घसा मात्र बसलेला) पडद्यावर चित्रं दाखवणार होते. विषय होता, 'बहिऱ्यांचं म्हणणं समजून घ्या'. त्यासाठी त्यांनी आधी सगळे दिवे घालवले. अंधारात आमचे हात कोणाला दिसणार? चाळीस माणसं एका बटणात गप्प. मला तर नेमकं तेव्हाच बोलायचं होतं, की हॉस्पिटलात खुणांचा दुभाषी हवा, आणि तो पुढच्या महिन्यात माझ्या बाळंतपणाआधी हवा.

शेवटी रुसिला उठली आणि दिव्याचं बटण भराभर चालू-बंद करू लागली. आमच्यात हाक अशीच मारतात, हे मास्तरांना चौदा वर्षांत कोणी सांगितलं नसावं (सांगितलं होतं, पण हातांनी). त्यांना वाटलं वायरिंग पेटली. ऐकणारे तेवढे सगळे बाहेर पळाले. मास्तरांनी जाता जाता कसाव्याच्या कंदाचा केकसुद्धा वाचवला. आम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं. इतकी वर्षं आमच्यासाठी बोलणाऱ्यांना 'आग' एवढी एक खूण येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आम्ही समजलो, चहाची सुट्टी झाली. रुसिला हातांनी म्हणाली, "अगं, सभासद तर सगळे इथंच आहेत. बाहेर गेलंय ते नुसतं कार्यकारी मंडळ."

"मग घेऊन टाका की मतं," म्हातारा इलाइसा म्हणाला. "परत आले की पुन्हा आपल्याला समजून घेत बसतील."

दहा मिनिटांत ठरलं, अध्यक्ष बहिराच हवा. मी निवडून आले. दुभाष्याच्या मागणीवर सह्या झाल्या. हॉस्पिटलचं उत्तर यायचंय. मास्तर परतले तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी तुला शोधलं, मला 'अभिनंदन' सांगायला. मी त्यांना ते कागदावर लिहायला लावलं. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

तुझी नम्र (आणि कालपासून अध्यक्ष),
लितिया

ता. क. वर टोचून लिहिलंय ते मुद्दामच. मागच्या तपासणीला मी दहा मिनिटं हात हलवून सांगितलं आणि तू डॉक्टरांना म्हणालीस, 'ठीक आहे ती.' मी ठीक नव्हते, आत्या. घाबरले होते.

ता. क. २. दुभाषी मिळो न मिळो, बाळंतपणाला तू ये. तुझ्याशिवाय मला धीर यायचा नाही. पाठ चोळ, घाम पूस, हवी तेवढी प्रार्थना कर. फक्त माझे हात धरू नकोस. मला बोलायचं असेल.