पाच रेघा

घोडपदेव,
१४ फेब्रुवारी १९५७

प्रिय गुणाजी,

तुझा भोईवाडा इथून चालत अर्ध्या तासावर, आणि मी तुला पोस्टाने पत्र धाडतोय. हस बाबा, हसण्यासारखंच आहे. शेवंतीवहिनींचा निरोप मिळाला. तुझ्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाली, पण दिसत काहीच नाही म्हणाल्या. आणि सोमवारी चौकशी, तुझी नोकरी राहते की जाते ते त्यात ठरणार.

तू जबानीत सांगितलंस म्हणे, ‘माझाच हात जड पडला असेल.’ तुझा हात आणि जड? पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावर लेथचं कापायचं टूल कसं लावायचं ते मला तूच शिकवलंस. साधं टूल बोथट झालं की किंचाळतं. हे टोकाला कार्बाइडचा कठीण तुकडा झाळलेलं विलायती टूल मुकाट झिजतं, धारेमागे खळगा पडतो आणि एकदम फुटतं. म्हणून तू नियम घातलास, एक शाफ्ट कापला की लेथवर खडूची एक रेघ, सहा झाल्या की टूल उतरवून धार लावायला ग्राइंडरवर न्यायचं. पाळी बदलताना आपण एकमेकांना काही विचारत नव्हतो, फक्त रेघा बघायचो.

त्या दिवशी तू आलास तेव्हा पाच रेघा होत्या. तू बिनघोर पुढचा शाफ्ट चढवलास.

गुणाजी, मी आठ कापले होते. कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्राची सभा, सगळे निघालेले, आणि मुकादम म्हणाला आठ दे नि जा. ग्राइंडरपाशी ही रांग. सहावी रेघ ओढली असती तर टूल उतरवावं लागलं असतं. मी ओढलीच नाही. नवव्या शाफ्टवर टूल फुटून तुझा डोळा गेला, तेव्हा मी मैदानात घसा फोडून घोषणा देत होतो. नंतर तुझ्या उशाशी बसून मोसंबी सोलली आणि तेव्हाही गप्प राहिलो. लाज वाटते रे.

सोमवारी साहेबांपुढे हे सगळं सांगायचं ठरवलंय. पण सुभद्राला सातवा महिना आहे, आणि मी किती भित्रा ते आता तुलाही कळलं. तिथे माझी वाचा बसली, तर माझ्याकडे बघत बसू नकोस. हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव. त्यासाठीच लिहिलंय, आणि त्यासाठीच खाली नाव पुरतं घातलंय.

तुझाच,
लवू धोंडू परब
बिल्ला नंबर ४१२