एक स्ट्राइक बाकी असताना

बाबा, आज तुम्हाला लिहायला वेळ मिळालाय, पण त्याचं कारण काही सुखाचं नाही. मी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये बसले आहे, कॉफी मशीनच्या शेजारी, आणि फोनवर एका अंगठ्याने टाइप करते आहे, कारण दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरून ठेवली आहे. तुमची नात आत आहे. सकाळपासून कळा चालू आहेत. गेल्या वर्षी याच मजल्यावरून आम्ही रिकाम्या हातांनी खाली उतरलो होतो, तिला सातवा लागला होता तेव्हा. तुम्हाला ते कुठून माहीत असणार. म्हणून या वेळी मी कुणाला म्हणून काही कळू दिलं नाही. मंडळातल्या बायकांना नाही, नागपूरच्या मावशीलाही नाही. डोहाळजेवण केलं नाही, पाळणा आणू दिला नाही, घरात 'बाळ' हा शब्दसुद्धा काढला नाही. सगळा कारभार 'ते' आणि 'तेव्हाचं तेव्हा बघू' यावर. पोरगी एकदा वैतागली. 'मॉम, इट्स नॉट अ सीक्रेट. लुक ॲट मी.' पोट तर दारातून आधी आत येत होतं. मी तिकडे न बघता कुकर लावला.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या बेसबॉलमधून. आपण अमेरिकेत, अर्विंगला, नवीन होतो, ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला मॅचला नेलं आणि तुम्ही परत आलात ते वेडे होऊन. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलंत आणि मला लिंबू टाकायला सांगितलंत. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे बॉल तीनदा हुकला, की माणूस आउट, तीन माणसं आउट झाली की त्यांची पाळी संपली, असं तुम्ही समजावता आहात, आणि आई पोळपाटाला टेकून उभी आहे, कणकेचे हात वर धरून. 'विटीदांडू खेळायला एवढ्या लांब आलात का हो?' ती म्हणते. लिंबू फ्रिजच्या मागे गेलं ते गेलंच. त्यानंतर प्रत्येक उन्हाळा त्या खेळाचाच झाला. आपली टीम बहुतेक वेळा हरायची, आणि तुम्ही दर वसंतात नव्याने, अगदी लाज न बाळगता, आशेला लागायचात.

मग ती संध्याकाळ. मी नुकती नोकरीला लागले होते, तुम्ही आम्हा दोघींना जुन्या स्टेडियममध्ये नेलं होतं, आईने तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या होत्या. चाळिशी उलटलेला आपला पिचर बॉल टाकत होता, ज्या वयात बाकीचे पिचर घरी बसून नातवंडं खेळवतात, आणि समोरच्या कुणालाही बॉल धड मारून पळता येत नव्हतं, एकही हिट मिळत नव्हती. अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट न देणं म्हणजे काय ते तोवर मला कळायला लागलं होतं. मॅच संपत आली तसे तुम्ही शेजारच्या हॅटवाल्या काकांकडे वळलात आणि म्हणालात, 'अजून एकही...' त्या माणसाने तुमच्या दंडावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. बोलायचं नाही. नंतर त्याने सांगितलं, अशा दिवशी त्या पिचरच्या स्वतःच्या टीममधले लोकही त्याच्या शेजारी बसत नाहीत, कुणी त्याच्याशी बोलत नाही. तुम्ही ते मराठीत सांगितलंत तेव्हा आईला केवढं समाधान झालं. 'म्हणजे यांच्यातही दृष्ट लागते तर.' शेवटचा माणूस आउट झाला आणि हॅटवाल्याने तुम्हाला कडकडून मिठी मारली, आई घाबरून पुऱ्यांचा डबा छातीशी धरून मागे सरकली. येताना गाडीत तुम्ही दोनदा म्हणालात, 'बोललो असतो ना, तर गेलं असतं बघ.' मागच्या सीटवर मी ते ऐकलं आणि मनात बांधून ठेवलं.

म्हणूनच ती पेढ्यांची संध्याकाळ मला अजून माफ करता येत नाही. म्हणजे तुम्हाला. तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली होती, शुगर वाढलेली होती, आणि आपली टीम पहिल्यांदाच जगज्जेती व्हायला फक्त एका स्ट्राइकवर आली होती. एका. तुम्ही दुकानातून आणलेला डबा दुपारपासून फ्रिजवर होता आणि मी तुम्हाला बजावलं होतं की शेवटपर्यंत हात लावायचा नाही. पण तुम्हाला कुठला धीर. उठलात, डबा उघडलात, 'आता काय राहिलंय गं,' म्हणत आईच्या तोंडात अख्खा पेढा कोंबलात. मी 'बाबा, थांबा ना,' म्हणेपर्यंत चेंडू उजवीकडच्या फील्डरच्या डोक्यावरून गेलासुद्धा. आई तशीच बसली, पेढा गिळताही येईना आणि थुंकताही येईना. मग तिने तो कसाबसा खाली लोटला आणि म्हणाली, 'तुम्हाला जरा दम म्हणून नाही.' तुमची नात तेव्हा हायस्कूलमध्ये, तिने उशीत तोंड खुपसलं होतं.

यापुढचं मी लोकांना सांगत नाही. बरोबरी झाली म्हणून मॅच लांबली, आणि आपण पुन्हा पुढे गेलो, आणि पुन्हा एका स्ट्राइकवर आलो. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. डबा सोफ्याखाली सरकवला. मी पोरीला पायाची घडीसुद्धा मोडू दिली नाही. आई ओठ मिटून, डोळे मिटून. तुम्ही भिंतीकडे बघत. कुणी श्वास मोठ्याने घेतला नाही, बाबा, आणि तरीसुद्धा गेलं. तसंच गेलं. दुसऱ्या दिवशीची मॅचही गेली आणि सगळंच संपलं. त्या पहिल्या रात्री टीव्ही बंद केल्यावर तुम्ही वाकून सोफ्याखालचा डबा काढलात, एक पेढा खाल्लात, आणि आईकडे बघून म्हणालात, 'आता तर मी तोंडही उघडलं नव्हतं ना?' मग आणखी एक खाल्लात. मला तुमचा राग आला होता. आम्ही सुतकात असल्यासारखे बसलो होतो आणि तुम्ही बोटं चाटत होतात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आणि मग काही वर्षांपूर्वी ती खरंच जिंकली. तुमची टीम. नातीने फोन केला होता, 'मॉम, आय ॲम कमिंग होम टू वॉच,' आणि आली, आईच्या शेजारी पांघरूण घेऊन बसली. मी पहिल्यापासून येऊन-जाऊन होते, आणि शेवटी शेवटी मला ते सहनच होईना. मी घरातल्या लॉन्ड्री रूममध्ये गेले, कपड्यांच्या मशीनपाशी. बाहेरून ती ओरडते आहे, 'मॉम, कम फास्ट, वन स्ट्राइक लेफ्ट,' आणि मी ड्रायर चालू करते आहे, रिकामा, नुसता आवाजासाठी. बाहेर आले तर आईच्या डोक्यावर तुमची कॅप होती आणि पोरगी तिच्या मांडीत रडत होती. नंतर मी तो शेवटचा बॉल पुष्कळदा पाहिला. पण जिंकल्याचं माहीत असताना बघण्यात काय आहे. तुम्ही जन्मभर वाट पाहिलीत, आणि तुमच्या वाटचं बघायला जी मागे राहिली होती ती टॉवेलच्या घड्या घालत बसली. दुसऱ्या दिवशी इथले लोक टीमच्या टोप्या घेऊन आपापल्या वडलांच्या थडग्यांवर गेले, सांगायला. तुमच्या अस्थी आम्ही नाशिकला नेल्या. मी कुठे जाऊन सांगणार होते?

आता ऐका, मी का लिहिते आहे ते. पोरीने महिन्यापूर्वीच विचारलं होतं, 'तू आत येशील ना?' आत दोन माणसं चालतात, जावई आणि मी. मी म्हटलं, मी बाहेरच बरी, मला रक्त बघवत नाही. माझी दोन बाळंतपणं झालीत, मला रक्ताचं काही वाटत नाही हे तिलाही ठाऊक आहे. ती एवढंच म्हणाली, 'मॉम, यू कॅन बी स्केअर्ड इन हिअर टू.' मघाशी एक नर्स जवळजवळ धावतच आत गेली. बाळाचे ठोके मंदावले होते. मग जावई बाहेर आला, पुण्याचा गरीब मुलगा, घामाने शर्ट चिकटलेला, म्हणाला, 'ठोके आलेत परत, आई. अजून थोडा वेळ लागेल म्हणतात. ती तुम्हाला बोलावते आहे.' मी म्हटलं, हो पुढे, आलेच. आणि पुन्हा खाली बसले आणि तुम्हाला लिहायला घेतलं, म्हणजे ड्रायरच चालू केला म्हणा ना. घरून आईचा फोन येऊन गेला. ती निरांजन लावून बसली आहे. 'तू आत का नाहीस?' एवढंच तिने विचारलं, आणि मी 'नंतर करते' म्हणून फोन ठेवला.

मला भीती वाटते बाबा. मी आत गेले तर काहीतरी होईल असं वाटतं, आणि मी बाहेर राहिले म्हणून काही होणार नाही असं नाही, हेही वाटतं. एवढे महिने आम्ही सगळे गप्प होतो, तरी ठोके मंदावायचे ते मंदावलेच. गेल्या वर्षी पोरगी त्या खोलीत होती तेव्हा मी इथेच होते, याच बाजूच्या खुर्चीवर, स्तोत्र म्हणत. ती आत माझ्याशिवाय होती. तिने मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. तुमच्यासारखीच आहे ती, पुन्हा आशेला लागली.

हे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा फोनमध्येच राहील. एक मात्र तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मी कुंची शिवली आहे. आईच्या मऊ झालेल्या सुती साडीची, हाताने, दार लावून, सगळ्यांना 'काही आणू नका' म्हणून दटावत असताना. सहावा महिना लागला तेव्हापासून ती माझ्या पर्समध्ये आहे, तळाशी, स्वेटरखाली, आणि मी रोज काढून बघत होते. आता मांडीवर काढून ठेवली आहे. लेस एका बाजूला जरा ओढली गेली आहे. जावई पुन्हा दारात येऊन उभा आहे, त्याने ती पाहिली आणि माझ्यासाठी दार धरून ठेवलं आहे. जाते मी. ती हातात धरूनच आत जाते.